अन्नछत्रातली मिरपूड

लिनक्सवर फोटो जोडायला खिडकी उघडावी आणि तिच्यात फोटोंऐवजी नुसती नावांची यादी दिसावी, ही फार जुनी व्यथा. चित्रांच्या छोट्या प्रतिमा ओळीनं दिसाव्यात, असा अर्ज जीटीकेकडे २००४ साली दाखल झाला. काम झालं २०२२च्या अखेरीस. म्हणजे अर्ज कायद्यानं सज्ञान झाला आणि मगच त्याचं ऐकलं गेलं. गंमत अशी, की खिडक्या आणि बटणं घडवणारं हे जीटीके मुळात जन्मलं ते गिंपसाठी, म्हणजे चित्रांवर काम करायच्या सॉफ्टवेअरसाठी.

अठरा वर्षं! सरकारी खात्यालाही अशी दिरंगाई जमते, पण ते खातं निदान पगार तरी घेतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात काही लोक कंपन्यांच्या पगारावर असतात. बाकीचे जेवणं उरकल्यावर, पोरं झोपल्यावर, पदरचं वीजबिल भरून काम करतात आणि तरीही ग्राहकराजाला ताटकळत ठेवतात. फुकट काम करणाऱ्यानं निदान वेळेवर तरी करावं!

अर्जाचा मायना ठरलेला असतो. आधी ‘तुमचं सॉफ्टवेअर उत्तमच आहे’, मग ‘पण’, मग ‘हे जेमतेम पाच मिनिटांचं काम आहे’. (असं सांगणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येत नसतं, येत असतं तर त्यानं पाच महिने सांगितले असते.) शेवटी धमकी: हे झालं नाही तर मी दुसरं सॉफ्टवेअर वापरीन. अन्नछत्रात जेवून वर मिरपूड मागणारे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत; मिरपूड नाही म्हणून उठून जाण्याची धमकी देणारा मात्र याच शतकात निपजला.

समोरची मंडळीही काही कमी नाहीत. ‘पॅच पाठवा, स्वागत आहे’ हे त्यांचं लाडकं उत्तर; पॅच म्हणजे बदलाचा तयार कोड. एखाद्या शिक्षिकेनं फॉन्टची तक्रार करावी आणि तिला सी भाषा शिकून येण्याचं आमंत्रण मिळावं, इतकं ते आतिथ्यशील असतं. ज्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही, त्यांच्यासाठी गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ‘स्टेल’ नावाचा बॉट आहे. साठ दिवस हालचाल नसेल तर तो अर्ज शिळा ठरवतो, आणखी सात दिवस वाट पाहतो आणि फाइल बंद करतो. म्हणून मुरलेला अर्जदार एकोणसाठाव्या दिवशी येतो, ‘काही प्रगती?’ एवढं लिहितो आणि जातो. अर्ज जिवंत राहतो, काम जिथल्या तिथं.

पूर्वी पाठिंब्यासाठी ‘प्लस वन’ लिहायची चाल होती आणि त्या प्रत्येकाची ईमेल काम करणाऱ्याच्या माथी. जानेवारी २०१६मध्ये अशा शेकडो गांजलेल्यांनी गिटहबलाच जाहीर पत्र लिहून मतदानाची सोय मागितली. मार्चमध्ये अंगठ्याचं बटण आलंसुद्धा. गिटहबचे लोक पगारी होते, हे इथं सांगायलाच हवं.

मागण्या मान्य होत नाहीत म्हणून रडणाऱ्यांनी लॉगफोरजेकडे पाहावं. जावातल्या प्रोग्रॅमांच्या नोंदी ठेवणारी ही लायब्ररी. २०१३ साली तिच्याकडे मागणी आली: नोंद लिहिताना जेएनडीआय या जावातल्याच सोयीमार्फत बाहेरची माहितीही ओढून आणता यावी. अर्जदार इतका सालस, की सोबत पॅचही जोडलेला. मंडळींनी तो घेतला. पुढे तो त्यांनाच नकोसा झाला, पण काढावा तर जुन्या वापरकर्त्यांचं बिघडणार! डिसेंबर २०२१मध्ये उघड झालं, की याच वाटेनं कुणालाही परक्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो. धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण. दुरुस्तीसाठी रात्री जागवल्या त्या स्वयंसेवकांनी, आणि शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

एक्सझेडची गोष्ट याहून काळी. फायली आवळून लहान करणारं हे साधन लासे कॉलिन जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता. २०२२मध्ये त्यानं लिहिलं, की मन थाऱ्यावर नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. तरी काही नावं त्याच्या मागे लागली: काम रखडलंय, दुसऱ्याकडे सोपव. ‘जिया टॅन’ नावाच्या तत्पर मदतनिसाकडे हळूहळू किल्ल्या गेल्या. मार्च २०२४मध्ये त्यात चोरदरवाजा सापडला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला लॉगिनमध्ये अर्धा सेकंद जास्त लागल्याचं खटकलं म्हणून. तगादा लावणारी ती नावं बनावट असावीत, असा जाणकारांचा कयास आहे. सोंग उत्तम वठलं होतं. खऱ्या वापरकर्त्यांचा तगादा असाच असतो, त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती.

यात शहाणा एकच, डॅनियल स्टेनबर्ग. जानेवारी २०२२मध्ये एका बड्या कंपनीनं त्याला लॉगफोरजेसंबंधीची प्रश्नावली धाडली: चोवीस तासांत उत्तरं द्या. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं त्याचं कर्ल सी भाषेत लिहिलेलं, लॉगफोरजेशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यानं कळवलं, सपोर्टचा करार करा, आनंदानं सगळी उत्तरं देतो.

तेव्हा वाचकहो, मागणी जरूर करा. सोबत पैसे जोडा. ते नसतील तर पॅच जोडा, आणि तो काय करतो हे आधी स्वतः वाचा. दोन्ही जमत नसेल, तर निदान ‘पाच मिनिटांचं काम’ हे शब्द तेवढे खोडा.