ताईकडे जाताना लागणारं वाळवंट

लॉस एंजेलिस परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला वाळवंटात आपणहून जाण्याचं वास्तविक काही कारण नसतं. परंतु ताई फिनिक्सजवळ चँडलरला असते. ती चिप कंपनीतल्या नोकरीसाठी स्वतः तिकडे गेली, तरी आईच्या बोलण्यात ‘तिकडे दिली’ असंच येतं. मधल्या साधारण ६०० किलोमीटरांत निसर्गाने वाळवंटावाचून फारसं काही ठेवलेलं नाही. सबब हे मार्गदर्शन. यात गाडी चिरंजीव चालवत असून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा मागच्या सीटवर आहेत, असं गृहीत धरलं आहे. ते नसल्यास विमानाने जावं. दीड तासात काम होतं.

ऋतू. जुलै-ऑगस्ट वर्ज्य. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सियस किंवा त्याहून वर होतं. हा आकडा बाबांना सांगू नये. त्यांचं बालपण अकोल्यात गेलं असल्यास ‘एवढ्या उन्हात आम्ही पत्र्याच्या शाळेत बसायचो’ हे ते केवळ सांगून थांबत नाहीत, गाडीतून उतरून सिद्ध करू पाहतात. फेब्रुवारी-मार्च प्रशस्त. पाऊस बरा झाला असेल तर रानफुलंही दिसतात.

डबे. दोन प्रकारचे असतात: वाटेत खायचे आणि ताईला द्यायचे. दोन्ही एकसारख्या स्टीलच्या डब्यांत भरलेले असल्यामुळे कोणता कुठला हे फक्त आईला माहीत असतं, आणि ती नेमकी तेव्हा झोपलेली असते. दशम्या समजून उघडलेल्या डब्यात गूळपोळ्या निघाल्या, तर झाकण मुकाट्याने परत लावावं. ताई गूळपोळ्या मोजत नाही, पण आई मोजून देते.

पाणी. वाळवंटात दर माणशी दिवसाला किमान एक गॅलन पाणी जवळ ठेवावं, असं जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचं सांगणं आहे. ते भरून घ्यावंच. मात्र आई ते पिणार नाही. पाणी प्यायलं की उतरावं लागतं आणि उतरायला जागा कुठे आहे, हा तिचा प्रश्न बिनतोड असतो. तेव्हा निघतानाच विश्रांतिस्थळांची यादी मोठ्याने वाचून दाखवावी. इंडिओच्या पुढे ‘कॅक्टस सिटी’ येते. नाव ऐकून बाबा शर्ट नीट खोचतील. तिथे सिटी नाही. स्वच्छतागृह आहे, आणि त्या क्षणी त्याचं मोल कुठल्याही सिटीपेक्षा जास्त आहे.

निसर्गदर्शन. पाम स्प्रिंग्जच्या अलीकडे सॅन गोर्गोनिओ खिंडीत पवनचक्क्यांचं जंगल लागतं. थंड किनारा आणि तापलेलं वाळवंट यांच्यामधली ही चिंचोळी वाट असल्याने वारा इथून घुसतो. हे समजावून सांगायला घेतलं की बाबा चाळकेवाडी काढतात. काढू द्यावी, साताऱ्याकडच्या त्या पठारावर खरोखरच पवनचक्क्या आहेत. त्याआधी कॅबझॉनला रस्त्याच्या कडेला दोन सिमेंटचे डायनोसॉर उभे असतात. मुलं गाडीत असतील तर इथे पाऊण तास जातो. नसतील तरी जातो.

खरी वाट वाकडी करायची ती जोशुआ ट्रीसाठी. उत्तरेकडून आत शिरून दक्षिणेला कॉटनवुडच्या बाजूने पुन्हा आय-टेन महामार्गावर उतरता येतं. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटं या उद्यानात एकमेकांना भेटतात. वरच्या भागात जोशुआची झाडं आहेत. तो युक्काचा प्रकार आहे, निवडुंग नव्हे. पण एवढ्यावरून गाडीत वाद घालू नये. उद्यानात पेट्रोल मिळत नाही आणि बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही. पहिली अडचण आहे. दुसरीला मी अडचण म्हणणार नाही, कारण ‘कुठपर्यंत आलात?’ हा ताईचा दर वीस मिनिटांनी येणारा फोन इथे येत नाही. इतकी नीरव शांतता अन्यत्र दुर्लभ.

उतारावर चोया निवडुंगाची बाग लागते. उन्हं तिरपी असताना काट्यांमधून उजेड येतो आणि प्रत्येक झुडूप कापसाने मढवल्यासारखं झळाळतं. आई ‘किती मऊ दिसतंय!’ म्हणून हात पुढे करेल. तो वेळीच धरावा. या झाडाची कांडी नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटते. काट्यांना बारीक उलटी कुसळं असतात, त्यामुळे बोटांनी ओढायला गेलं की तीच कांडी बोटांत रुतते. उपाय एकच: कंगवा. कांडी आणि कातडी यांच्या मधे दाते सरकवून एका झटक्यात उडवायची. कंगवा आईच्या पर्समध्ये असतो. झटका देण्यापूर्वी पलीकडे बाबा उभे नाहीत ना, हे पाहावं.

वेळ. ब्लाइथपाशी कोलोरॅडो नदी ओलांडली की ॲरिझोना. हे राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. परिणामी हिवाळ्यात ते कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असतं आणि उन्हाळ्यात बरोबरीने चालतं. ‘एकला पानं घेते’ असं ताई म्हणाली असेल, तर तो एक कोणाचा हे आधी विचारून घ्यावं. नाहीतर तुम्ही पुलावरच असता आणि तिकडे वरण दुसऱ्यांदा गरम होत असतं.

क्वार्ट्‌झसाइटला ‘हाय जॉली’ची समाधी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन सैन्याने या मुलखात ओझी वाहायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. सैनिकांच्या तोंडी त्याचा हाय जॉली झाला. दगडी पिरॅमिडवर धातूचा उंट आहे. हाजी अली म्हटल्यावर आईला मुंबईचं ज्यूस सेंटर आठवतं आणि तिला एकदाची तहान लागते.

उन्हाळ्यात गेलातच आणि धुळीचं वादळ आलं, तर ॲरिझोनाचा नियम पाठ असावा: गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घ्यावी, सगळे दिवे मालवावेत, ब्रेकवरून पाय काढावा. दिवे चालू ठेवले तर मागचा गाडीवाला त्यांच्याच रोखाने येऊन आदळतो. चँडलरला पोचल्यावर आई आणि ताई यांच्यात ‘दुसऱ्याचं काय ठरवलंत?’ हा विषय निघाला, की जावईबापूंनीही हाच नियम पाळावा.

परतीचा प्रवास. ताईच्या परसात लिंबं लागलेली असतात आणि ती पिशवीभर काढून ठेवते. शिवाय कढीपत्त्याचं रोप. इथे सावध. कॅलिफोर्नियात शिरताना ब्लाइथला शेतीखात्याची चौकी आहे. तिथला अधिकारी खिडकीशी वाकून फळं, झाडं काही आहे का, असं विचारतो. लिंबूवर्गीय झाडांच्या जिवावर उठलेला एक रोग ज्या बारीक किड्यामुळे पसरतो, तो किडा कढीपत्त्यावरही राहतो. जाताना आपल्या घरची कुंडी ताईकडे नेण्यालाही दक्षिण कॅलिफोर्नियातली बंधनं आड येतात. म्हणजे पोह्यांच्या फोडणीवर दोन्ही राज्यांची नजर आहे.

चौकीवर उत्तर फक्त चालकाने द्यावं, असा नियम करून उपयोग नाही. आई आयुष्यात खोटं बोललेली नाही आणि परदेशात तर नाहीच नाही. मागची काच खाली करून ती स्वतःच पिशवी पुढे करते आणि वर अधिकाऱ्याला म्हणते, ‘घरची आहेत, फवारणी नाही.’

यावर तोडगा आहे. लिंबं चँडलरलाच चिरून त्यांचं लोणचं घालावं. बंद बरणीतल्या लोणच्याचा प्रश्न येत नाही. ते मुरेपर्यंत मुक्काम तेवढा वाढतो, तेव्हा रजेचा अर्ज टाकताना तारीख त्या हिशेबाने लिहावी.