चाचणीविना यशस्वी ठरलेल्या ॲपबद्दल जाहीर अभिनंदनपत्र

प्रति,
माननीय प्रॉडक्ट मॅनेजर महोदय
(ॲपमध्ये काय असावे, ते कोणासाठी असावे आणि केव्हा प्रसिद्ध व्हावे, हे ठरविणारे अधिकारी)
मुक्काम : पुणे, मुंबई, बंगळुरू अथवा जेथे रेंज जात नाही असे कोणतेही स्थळ

विषय : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील एकाही वापरकर्त्यास न भेटता ॲप पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

ज्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाखाली आहे, जेथे पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि जेथे माडिया, गोंडी, मराठी, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली या भाषा एकाच जिल्ह्यात नांदतात, तेथील लोकांसाठीचे ॲप वातानुकूलित सभागृहातील पडद्यावर पहिल्याच प्रयत्नात चालले, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या सभागृहात बटणे कोणी दाबली, असा प्रश्न काही कुजकट मंडळी विचारतात. पण ज्यांनी बटणे बसविली त्यांनीच ती दाबली, म्हणूनच ती अचूक सापडली, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

महोदयांनी जी टाळली, त्या गोष्टीस वापरसुलभता चाचणी म्हणतात. खऱ्या वापरकर्त्याच्या हाती वस्तू द्यायची, त्याला एक खरे काम सांगायचे, मनात येईल ते मोठ्याने बोलत जाण्याची विनंती करायची आणि मग गप्प बसून तो कोठे थबकतो, काय चुकीचे समजतो व कोठे नाद सोडतो हे टिपायचे, इतकाच या चाचणीचा विधी आहे. याकोब नीलसन या अभ्यासकाने सन २००० मध्ये असे मांडले की एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी पाच जणांना पाहिले तरी सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. म्हणून एकदाच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच जणांची छोटी चाचणी, दुरुस्ती आणि पुन्हा पाच जण, हा क्रम त्याने श्रेयस्कर मानला. यातील ‘एकाच प्रकारच्या’ ही अट विशेष त्रासदायक आहे, कारण तिच्यामुळे वडसा येथील पदवीधर ग्रामसेवक आणि जिवतीच्या डोंगरावरील कोलाम शेतकरी यांची बेरीज करून पाच हा आकडा गाठता येत नाही. शिवाय चाचणी घेणाऱ्याने गप्प बसायचे असते. महोदयांच्या पदाचा बराचसा काळ बोलण्यातच जात असल्याने ही अट पाळणे किती कठीण आहे, याची जाणीव सर्वांनाच आहे.

समजा, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर (पाने मोजून घेण्याच्या केंद्रावर) अशी चाचणी घेतली गेली असती आणि पाने तोडून आणलेल्या बाईला “आज दिलेल्या पुड्यांची नोंद करा” एवढेच सांगितले गेले असते. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा होतो आणि मजुरी शेकडा पुड्यांच्या हिशोबाने ठरते. म्हणजे त्या बाईचे एकक पुडा आणि शेकडा हे आहे. ॲपने तिला ‘प्रमाण’ विचारून पुढे किलोग्रॅमची चौकट मांडली असती, तर ती तेथेच थांबली असती, तिने शेजारणीकडे पाहिले असते आणि शेवटी मुनिमाने तिच्या हातून फोन घेऊन आकडा भरला असता. एवढ्या एका थांबण्यात किमान तीन दोष सापडले असते : चुकीचे एकक, अपरिचित शब्द आणि ज्या नोंदीवर मजुरीचा विश्वास टिकायचा ती नोंद दुसऱ्याच्या हाती जाणे. महोदयांच्या अहवालात मात्र अशी नोंद ‘यशस्वी व्यवहार’ म्हणून मोजली जाते, आणि तो अहवाल कोणी खोटा ठरवू शकत नाही.

चाचणीऐवजी महोदयांनी जो मार्ग निवडला तो अधिक प्रतिष्ठित आहे. त्याला प्रशिक्षण म्हणतात. वस्तू माणसाला जुळत नसेल, तर माणसाला तालुक्याच्या गावी बोलावून त्यालाच वस्तूशी जुळवून घ्यायला लावायचे, हे त्याचे सूत्र आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, तेव्हा पोषणाच्या नोंदींचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत असणे ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. पाच सेविकांना पाच मिनिटे पाहिले असते तरी ही तक्रार आंदोलनाआधीच कळली असती. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून, घेणे बंधनकारक झाले. एटापल्लीच्या जंगलातील कामावर, रेंज नसताना, उन्हात पडदा दिसेनासा झाला म्हणजे मेट (कामावरील मुकादम) काय करतो, हे त्याच्या शेजारी उभे राहिल्यावाचून कळत नाही. पण उभे राहण्याची तरतूद अंदाजपत्रकात नसते, प्रशिक्षणाची असते.

एका गैरसोयीच्या उदाहरणाचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण ते गडचिरोली जिल्ह्यातीलच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. पुढे त्यांना बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा होता. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक भरले तर धोका समजावा, असा वैद्यकाचा नियम. पण निरक्षर सुईणींना साठपर्यंत मोजणे शक्य नव्हते. तेथे अंकगणिताचे प्रशिक्षण सुरू करण्याऐवजी साधनच बदलण्यात आले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि वेगवेगळ्या वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी, प्रत्येकीच्या शेवटी एक लाल मणी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. सुईणीला दहापर्यंतची मोजणी येत होती, म्हणून साधनाने तिच्याकडे दहाच मागितले.

याच संस्थेने दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते आणि रुग्णाच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते, असे उत्तर मिळाले. म्हणून झोपड्यांसारखी घरे उभी राहिली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. या दोन्ही कामांत संगणकाचा पडदा नव्हता, म्हणून महोदयांच्या क्षेत्रात त्यांची गणना होत नसावी. तत्त्व मात्र तेच आहे की अडखळणारा माणूस हा साधनातील दोषाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो.

सबब, अभिनंदनासोबत अल्पशी प्रार्थना अशी की पुढील आवृत्तीपूर्वी महोदयांनी प्रत्येक प्रकारच्या पाच वापरकर्त्यांना त्यांच्याच गावी, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच भाषेत एकेक खरे काम सांगावे. चहाचा खर्च प्रशिक्षणाच्या निधीतून करावा. मदतीला सरसावणारा हात खिशात ठेवावा. जेथे तिघे अडले तो दोष त्याच आठवड्यात दुरुस्त करावा. आणि अशा तीन फेऱ्या होईपर्यंत ‘लोकांना समजत नाही’ हे वाक्य अहवालात लिहू नये.

कळावे,
‘पुढे’ हे बटण अद्याप शोधत असलेले,
समस्त वापरकर्ते,
जिल्हे चंद्रपूर व गडचिरोली