मरायचे किती, उठायचे किती

आदित्य सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’तून 2022 साली मराठी पडद्यावर झोंबी अवतरले. डोंबिवलीला जमतं ते आमच्या रोहिणखेडला का नाही, या ईर्ष्येने मी पटकथा लिहिली. दिग्दर्शक मीच, आणि फुकट मिळणारा दुसरा नट नसल्याने प्रमुख झोंबीही मीच.

गावाची लायकी वादातीत. 1437 साली बहमनी फौजेने खानदेशच्या सुलतानाला इथेच लोळवलं होतं, म्हणजे उठवायला मढी भरपूर. भांडवल मात्र एक मोबाईल आणि पुतण्याच्या मित्राचा हॅलोजन.

पटकथा ऐकून पारावरच्या आजींनी विचारलं, “मेलेलं मानूस चावते काहून? पितरायले आपन घास ठेवतोच ना. अन् जाळलेलं उठते कसं?” पटकथेत याचं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग झोंब्यांची भरती. कापूस वेचणीचे दिवस, रिकामा माणूस मिळेना. आले ते एकदम व्यवहारी. “मरायचे किती अन् उठायचे किती?” दोन वेगळे दर! घासाघीस करून मी उठण्याचे पैसे कबूल केले. मरणं त्यांनी गावकीखातर फुकट केलं.

रक्ताचा प्रश्न मी अभ्यासाने सोडवला. जॉर्ज रोमेरोने 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. मी काकवी आणली. त्याचा सिनेमा कृष्णधवल होता आणि आमचा मोबाईल रंगीत, एवढाच काय तो फरक. पडद्यावर मी डांबराच्या पिंपातून निघाल्यासारखा दिसत होतो.

तोंडाला काकवी फासून धुऱ्यावर निपचित पडलो. ‘ॲक्शन’ मीच म्हणायचं होतं, पण त्याआधी मुंगळे आले. ते कानात शिरले तसा मी उठलो तो बोंबलत गावाकडे सुटलो. मागे कुत्री, त्यांच्या मागे मोबाईल घेतलेला पुतण्या, आणि सगळ्यांच्या मागे पोट धरून हसणारे माझे झोंबी. त्यातल्या एकाने दम खात सुनावलं, “भाऊ, झोंबी पयत नसते!” रोमेरोचेही पळत नव्हते. पण रोमेरोच्या कानात मुंगळे नव्हते.

चित्रीकरण तूर्त स्थगित आहे. प्रमुख भूमिकेसाठी गुडघे धरलेल्या, पळूच न शकणाऱ्या गृहस्थांनी जरूर संपर्क साधावा. उठण्याचे पैसे रोख मिळतील. काकवी उरलेली आहे.