चार तारांचा मेहुणा

आमच्या घरी पातेल्यात काय शिजतंय ते झाकण काढल्याशिवाय सांगता येत नाही. मागच्या दिवाळीआधीच्या एका रविवारी चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर मोठ्या पातेल्याला रटरट उकळी आलेली आणि आत काळपट रंगाची चार वेटोळी गरगर फिरत होती. मला वाटलं, चकलीचा काही नवा प्रकार असेल. शेजारी मेहुणा मोबाइलवर वेळ लावून उभा.

"दाजी, हात लावू नका. अजून चार मिनिटं."

त्या बेस गिटारच्या तारा होत्या. या तारांना वरून बारीक तारेचे वेढे असतात. त्या वेढ्यांत बोटांचा घाम आणि मळ जाऊन बसला की आवाज मरतो. उकळल्या की मळ सुटतो आणि तारा थोडे दिवस पुन्हा ठणठणीत होतात. नवा संच महाग, पाणी फुकट, गॅस माझा. बायकोनं त्या पातेल्याच्या कानाला नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. तेव्हापासून ते पातेलं ओवळ्यात गेलं.

मेहुणा नोकरीसाठी नोएडाला आला तेव्हा 'घर मिळेपर्यंत' आमच्या मागच्या खोलीत राहणार होता. त्याला आता तीन वर्षं झाली. घरं मिळतात, पण घरमालक आधी विचारतो, "खाते क्या हो?" आणि मग, "बजाते क्या हो?" पहिल्या प्रश्नात हा पास होतो.

मूळचा मिरजेचा. म्हणजे तंतुवाद्यांच्या गावचा. लहानपणी सतारमेकर गल्लीतून सायकल मारत शाळेत गेलेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सासूबाईंनी मुद्दाम फोन करून पेपरातली बातमी अख्खी वाचून दाखवली. मग मुद्द्यावर आल्या.

"चार तारांचंच वेड होतं तर तंबोरा नसता का दिला घेऊन? पंढरपूरकडचा भोपळा, आपल्या गल्लीतला कारागीर. तो परदेशी सोटा कशाला?"

"आई, तंबोऱ्याचा खर्ज जिथं थांबतो ना, तिथून माझं खाली सुरू होतं."

यात खोटं काही नाही. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला साधारण ६९ कंपनं घेतो; याची सगळ्यात जाड तार ४१. सासूबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते ऐकू कुणाला येणार?"

बेसवाल्याच्या आयुष्यातला हा एकच प्रश्न. बाकीचे सगळे त्याचेच फाटे.

कुठल्याही कार्यक्रमात बेसवाला ओळखायला सोपा. सगळे गायिकेकडे बघत असतात, हा जमिनीकडे. टाळ्या पडतात तेव्हा हा डोळे मिटून मान हलवतो, तीही अर्ध्या लयीत. रेडिओवर पंचमदांचं गाणं लागलं की आम्ही आशाबाई ऐकतो, हा टोनी वाझ ऐकतो. हे टोनी वाझ पंचमदांच्या ताफ्यात बेस वाजवायचे, ही माहिती मला गेल्या तीन वर्षांत निदान तीसदा मिळाली आहे. ऐन अंतऱ्यात हा हात वर करतो, "थांबा, आता बघा, आता... गेला!" काय गेलं ते आम्हाला कळत नाही. रेल्वे फाटकावर उभं राहून मालगाडी बघितल्यासारखे आम्ही "हो, हो" म्हणतो.

त्याची दोन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं, "हेडफोन लावून ऐका." स्वतःचं वाजवलेलं तो मोबाइलवर पाठवतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतके खालचे सूर झेपत नाहीत. कुणीतरी टेबलावर नखं आपटतंय एवढंच ऐकू येतं. "छान आहे" म्हटलं की लगेच, "हेडफोन लावले होते?" दुसरं वाक्य जास्त अवघड. मी एकदा प्रामाणिकपणे म्हणालो, "अरे, तुझा बेस काही कळलाच नाही." तर हा खुलला. "कळला नाही ना? म्हणजे बरोबर वाजला!" ज्या कलेत न कळणं ही दाद असते, तिच्यावर बोलणाऱ्याने बोलावं तरी काय?

जेवायला पाहुणे आले की कीर्तन ठरलेलं. पाहुणा बिचारा सभ्यपणे विचारतो, "चारच तारा? मग गिटारपेक्षा सोपं असेल, नाही?" झालं. पूर्वरंगात १९५१ साल: लिओ फेंडरनं पुरुषभर उंचीच्या उभ्या बेसला आडवं करून गळ्यात अडकवलं, पट्टीवर पडदे बसवले, आता सूर नेमका लागणार म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन'. "आणि दाजी, त्या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!" उत्तररंगात डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन. मोटाउन कंपनीच्या गाण्यांमागे हा माणूस एका बोटानं वाजवत राहिला, तारा बदलायचा नाही, आणि १९७१ सालापर्यंत तबकडीवर त्याचं नाव छापलं जात नव्हतं. मरणाआधी थोडे दिवस त्याचा बेस चोरीला गेला. इथे मेहुण्याचा आवाज बसतो. इतक्यात बायको आतून विचारते, "जेमरसन तारा बदलायचा नाही, मग उकळायचा तरी का?" कीर्तन तिथेच आवरतं.

पॉल मॅकार्टनी मात्र सुटत नाही. १९६१ साली बँडमधला बेस वाजवणारा सोडून गेला, बाकी कुणी तो गळ्यात घालून घ्यायला तयार होईना, म्हणून तो पॉलच्या गळ्यात पडला. "म्हणजे बघा, लोक बेसकडे जात नाहीत, बेस लोकांकडे येतो." मेहुण्याचंही तसंच झालं होतं. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गिटारवाले चार जमले, आणि चिठ्ठ्या टाकल्या. हे तो सांगत नाही. मला त्याच्या बहिणीकडून कळलं.

दिल्लीकर बेसवाल्यांचं एक ग्रामदैवत आहे, राहुल राम. 'इंडियन ओशन'चा हा गडी कॉर्नेलमधून विषशास्त्रात डॉक्टरेट करून आला, नर्मदा आंदोलनात राहिला, आणि १९९१पासून बेस गळ्यात घालून मंचाच्या मध्यभागी उभा राहून गातो. मध्यभागी! बेसवाल्यांना याचंच अप्रूप. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात हा बँड तालीम करायचा, त्याचा पत्ताच त्यांनी २०१०च्या अल्बमला नाव म्हणून दिला: '१६/३३० खजूर रोड'. मेहुणा दिल्लीत आल्या-आल्या पहिल्या रविवारी कुतुबमिनार बघायला गेला नाही, खजूर रोडला जाऊन आला. पायरीपाशी उभा राहिलेला फोटो आहे. पायरी त्याच घराची का, हे मी विचारलेलं नाही.

मला त्याच्याबद्दल खरी माया वाटायला लागली ती त्याच्या मित्रांमुळे.

गिटारवाल्यांची मैत्री मी बघितली आहे. त्यात कोण किती जलद, हा हिशोब कायम चालू असतो. बेसवाल्यांचं वेगळं. एका बँडला एकच बेस लागतो, त्यामुळे दोन बेसवाले एकत्र वाजवतायत असा प्रसंग आयुष्यात येत नाही. म्हणजे त्यांच्या दोस्तीत वाजवणं नाहीच, निव्वळ बोलणं. याच्या टोळक्यात एक मयूर विहारचा मल्याळी, विमा कंपनीत; एक राजौरी गार्डनचे सरदारजी, काश्मीरी गेटला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान; आणि हुमायूंपूरला राहणारा एक नागा पोरगा, हॉटेलात शेफ. महिन्यातून एकदा मंडी हाउसला चहावर भेटतात. मी एकदा बरोबर गेलो होतो. चौघांपैकी एकानेही वाद्य आणलं नव्हतं. आणून करणार काय?

पहिला प्रश्न, "कमर कैसी है?" चार-चार किलोचं ओंडकं तासन्‌तास एका खांद्यावर टांगायचं, तेव्हा कंबर हा या लोकांचा राष्ट्रीय प्रश्न. मग पट्टा रुंद घ्यावा की पॅडचा, यावर वीस मिनिटं. मग चार तारा की पाच. पाचवी तार म्हणजे आणखी खालचा सूर, ३१ कंपनांचा. सरदारजी पाचवाले. त्यांना बाकीचे तिघे श्रीमंत नातेवाइकासारखे सांभाळून घेतात. मल्याळी माणूस इळैयाराजांच्या गाण्यांतला बेस तोंडानं वाजवून दाखवतो, आणि शेजारच्या टेबलावरचे नाटकवाले दचकून बघतात.

मग मोबाइल निघाले. नागा पोराचं नवं रेकॉर्डिंग होतं. चौघांनी खिशातून आपापले हेडफोन काढले, डोळे मिटले, चार मिनिटं कुणी बोललं नाही. संपल्यावर सरदारजी म्हणाले, "दूसरे अंतरे में तूने एक सुर छोड़ दिया. क्या छोड़ा है, यार!" पोरगा लाजून लाल झाला. न वाजवलेल्या सुराला दाद मिळालेली मी पहिल्यांदाच बघितली. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे चहाच्या टेबलाभोवती बसलेलं होतं, चौघं मिळून.

यांच्यात उपकार बोलून दाखवायची पद्धत नाही. नागा पोराच्या वाद्याचा टाका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सुटला, तर सरदारजी अकरा वाजता दुकान उघडून सोल्डरिंगची कांडी घेऊन हुमायूंपूरला. मल्याळ्याला ऐन लग्नसराईच्या तोंडावर डेंगी झाला, तेव्हा त्याच्या जागी मेहुण्यानं दोन रात्री वाजवलं आणि पाकीट त्याच्या घरी नेऊन दिलं. बदली कुणाच्या लक्षातही आली नाही, याचा दोघांनाही सारखाच आनंद.

त्यांच्या बोलण्यानं घरात एकदा मात्र घोटाळा झाला. दिल्लीची हवा लाकडाला छळते. लूच्या दिवसांत ते आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि बेसची लांब मान वाकते. मानेच्या पोटात एक लोखंडी सळी असते, ती किल्लीनं जराशी पिळली की मान सरळ. जूनमधल्या एका रात्री मेहुणा फोनवर गंभीर आवाजात बोलत होता, "गर्दन पीछे चली गई है, भाई. हाँ, गर्मी से. चौथाई घुमाऊँ? ज़ोर नहीं लगाऊँगा, टूट गई तो नई कहाँ से लाऊँ?" बायकोनं दाराबाहेरून एवढंच ऐकलं. सासूबाईंना मानेचा स्पाँडिलायटिस. तिनं मिरजेला फोन लावला तोच रडत, "आई, मान कुणाला पिळू देऊ नकोस!"

लोक आवाजाला कंटाळतात, हा आवाजातच राहतो. वीज असली की आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. आपल्याकडची वीज ५० कंपनांची, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तिच्या दुप्पट, १०० कंपनांची, आणि बेसची सगळ्यात बारीक तार, 'जी', ९८ची. मेहुणा बाल्कनीत उभा राहून कान देतो आणि म्हणतो, "जी आहे, जरासा चढा." मी म्हटलं, अरे दिल्ली आहे ही, इथे ट्रान्सफॉर्मरसुद्धा 'जी' लावूनच बोलणार. मेट्रोत सुरक्षावाल्यानं एकदा त्याची बॅग उघडायला लावली, तारा मोजल्या आणि सहानुभूतीनं विचारलं, "बाक़ी दो टूट गए?" तो म्हणाला, "हाँ जी." वाद घालायचे त्याचे दिवस संपलेत.

राहिल्या खालच्या आंटी. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्या घराची भिंत ही या कथेतली खरी रसिक. त्याचं असं आहे की खालच्या सुराची लाट भलतीच लांब असते. ४१ कंपनांच्या सुराची आठ मीटरच्या वर. आमचा हॉल पाच मीटरचा. म्हणजे मेहुण्याचा सूर आमच्या घरात मावतच नाही, असं आपलं मी म्हणतो; खरं कारण, इतक्या खालच्या सुराला आपला कान मंद, आणि जमीन तो नीट अडवत नाही. खोलीत बसलेल्या आम्हाला जेमतेम ऐकू येतो, आणि जमिनीतून उतरून आंटींच्या शोकेसमधली भांडी हलवतो. पहिल्या वर्षी त्या रोज वर यायच्या. "बेटा, मेरी कटोरियाँ नाच रही हैं." मेहुणा माफी मागायचा, रबराचे तुकडे ठेवायचा, गालिचा अंथरायचा. वाट्या नाचायच्या त्या नाचायच्याच. पुढे त्यांनी यायचं सोडलं. आम्हाला वाटलं, थकल्या.

मागच्या महिन्यात सासूबाईंची मान खरोखरच आखडली आणि मेहुणा पंधरा दिवस मिरजेला गेला. दहाव्या दिवशी दारावर आंटी. हातात गाजरहलव्याचा डबा.

"लड़का ठीक है न? शाम को कटोरियाँ चुप रहती हैं. अच्छा नहीं लगता."

रात्री फोन करून मी हे त्याला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, गहिवरला.

"दाजी, एक काम करा. कोणत्या गाण्याला सगळ्यात जास्त हलायच्या, एवढं विचारून ठेवा. म्हणजे सूर कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदारजींचा मला फोन. वाट्या स्टीलच्या की काचेच्या?