धार कुणी लावायची?

स्वस्त सुरी घ्यायला पाच मिनिटं पुरतात. महागडी सुरी न घ्यायला अख्खी दुपार लागते. तोक्योच्या काप्पाबाशीत जाऊन आलेल्या कुणालाही हे पटेल. उएनो आणि आसाकुसा यांच्या मधला हा रस्ता म्हणजे हॉटेलवाल्यांची बाजारपेठ. टोपं, चाळण्या, दर्शनी कपाटात मांडायची प्लास्टिकची रामेन, आणि सुऱ्या. सेकी शहरातल्या कारखान्यातली तीन हजार येनांची सान्तोकू, म्हणजे घरातल्या सगळ्या कामांची सुरी, आणि साकाई शहरातली चाळीस हजारांची, यांच्यात एका फळीचं अंतर असतं. येनाचे रुपये करायचे तर साधारण निम्मे आणि वर थोडे. हा हिशेब आपण खालच्या फळीपाशी तोंडी करतो. वरच्या फळीपाशी मोबाइल बाहेर येतो, आकडा चुकला असेल या आशेनं.

वरच्या फळीची जादू ‘हातानं घडवलेली’ या दोन शब्दांत आहे. ते ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच म्हातारा येतो: भट्टीपुढे बसलेला, कुणाशी न बोलणारा, आयुष्यभर आपल्याच सुरीची वाट पाहत असलेला. साकाईत प्रत्यक्षात हे काम वाटून घेतलेलं असतं. एक जण पातं ठोकतो, दुसरा त्याला धार काढतो, तिसरा मूठ बसवतो, आणि पात्यावरचं नाव पुष्कळदा हे सगळं जुळवून आणणाऱ्या व्यापाऱ्याचं असतं. पोलादही म्हाताऱ्यानं डोंगरातून आणलेलं नसतं. शिरोगामी, आओगामी ही नावाजलेली पोलादं शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यातून येतात. ओळखायला चिकटवलेल्या कागदाच्या रंगावरून, पांढरा आणि निळा, त्यांना ही नावं पडली. म्हणजे आपण ज्यापुढे हात जोडून उभे असतो, ते गोदामातलं लेबल.

तरी पूर्वजांची पुण्याई दोन्ही फळ्यांना आहे. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात जपानात तंबाखू आली आणि ती चिरायच्या सुऱ्या साकाईत होऊ लागल्या. पुढे शोगुनाच्या सरकारनं त्यांच्यावर आपली मोहोर उठवली. त्याच पोर्तुगीजांनी आपल्याकडे मिरची आणली. त्यांना सुरी मिळाली, आपल्याला ठेचा. तक्रारीला जागा नाही. सेकीचं घराणं तर तलवारींचं. 1876 साली सरकारनं कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी केली आणि पुष्कळ लोहारांना मुळ्याकांद्याकडे वळावं लागलं. तीन हजारांच्या सुरीलाही हा वारसा सांगता येतो, फक्त तिच्यासाठी तो कुणी सांगत बसत नाही.

धारेचं म्हणाल, तर नव्या दोन्ही सुऱ्या टोमॅटोतून सारख्याच सहज जातात. फरक पडतो तो पुढे. चांगलं जपानी पातं कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साठीच्या पुढे असतं, नेहमीची युरोपी सुरी छप्पन-सत्तावन्नच्या आसपास. कठीण असल्यामुळे ते बारीक करता येतं आणि धार टिकवतं. त्याच कारणानं हाड, गोठलेला मासा किंवा नारळाची करवंटी पुढे आली की त्याचा टवका उडतो. नारळ सुरीच्या पाठीनं फोडणाऱ्या घरात हे बोलून दाखवायचीही चोरी. त्यात शिरोगामीचं पातं गंजतं. वापरलं की लगेच धुवायचं, लगेच कोरडं पुसायचं. लिंबू कापून फोन घ्यायला जायचं नाही. ते काळंही पडतं, आणि त्या काळेपणाचं जाणकार कौतुक करतात. कोकणातल्या आज्यांना यात नवल वाटणार नाही. लोखंडी विळीवर कैरी चिरली की विळी काळी, फोडी काळ्या, बोटं काळी. त्याला कुणी सौंदर्य म्हणत नसे, चिंच लावून घासत असत.

माझ्या मनात आलं, आमच्या घरी या सुरीचं कसं होणार? भांडी घासायला येणाऱ्या मावशी तारेच्या घासणीनं तिचं तेज पहिल्याच सकाळी उतरवतील आणि कढईखाली ओली ठेवून जातील. सायकलच्या चाकावर दगड फिरवून ठिणग्या उडवणारा धारवाला तर तिचा काळच. त्या कोरड्या वेगानं पात्याची कड तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. तिला पाण्यात भिजवलेला दगड हवा, आधी हजार नंबरचा, मग तीन हजारचा, आणि कोन न बदलता सावकाश फिरणारा हात. आमच्या घरात असा सावकाश हात फक्त रिमोटवर फिरतो.

इथेच माझा कौल खालच्या फळीकडे झुकला. कोबी आणि कांद्यापुरता जीव असलेल्या घराला सेकीची न गंजणारी सान्तोकू आणि एक बरा दगड पुरतो. चाळीस हजारांची बोथट सुरी ही तीन हजारांच्या धारदार सुरीपुढे निव्वळ शोभेची वस्तू. रोज माशाचे कागदासारखे काप काढणाऱ्याचं वेगळं. त्यानं साकाईलाच जावं, आणि डावखुरा असेल तर पाकीट आणखी जड घेऊन जावं, कारण एकाच बाजूनं धार काढलेली पाती डाव्या हातासाठी वेगळी करावी लागतात.

एवढं ठरवूनही मी वरच्या फळीपुढेच घुटमळत होतो, हे खरं. मोह सुरीचा नव्हता. ही दुकानं विकत घेतलेल्या सुरीवर आपलं नाव कोरून देतात. छिन्नी, छोटी हातोडी, टकटक. लग्नातल्या पितळी डब्यांवर ‘मामाकडून सप्रेम भेट’ वाचत वाढलेल्या माणसाला याहून मोठं आमिष कोणतं? खालच्या फळीवरची घेतली तरी कोरून देऊ, असं दुकानदारानं खुणेनं सांगितलं आणि कागद-पेन्सिल पुढे केली.

“नाव कुणाचं घालायचं?” मी बायकोला विचारलं.

“घाल की तुझं,” ती म्हणाली. “पण ज्याचं नाव, त्यानं धार लावायची. पुसून ठेवायचीही त्यानंच.”

मी पेन्सिल तिच्याकडे सरकवली. तिनं ती दुकानदाराला परत केली. सुरी बिननावाची आली.