मुलाखत फोर्टात, मुक्काम कुठं?

भाचीला शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. ईमेल चार ओळींचा. सोमवारी सकाळी साडेदहा, फोर्ट, मुंबई. मूळ कागदपत्रं आणावीत. उमेदवाराला थ्री टियर एसीचं जाण्यायेण्याचं भाडं मिळेल, सोबत येणाऱ्याला मिळणार नाही. दाजींनी तो मोठ्यानं वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबून म्हणाले, "म्हणजे सोबत कुणीतरी येणार हे त्यांनी धरलंय." तिथंच माझं नाव पक्कं झालं. मुंबईतलं मला कळतं असा आमच्या घरात समज आहे, कारण ऐन तारुण्यात लालबागच्या एका खोलीत आठ जणांबरोबर राहून मी एक नोकरी सोडली होती.

मुंबईत कुठं उतरायचं हा प्रश्न नकाशा बघून सुटतो असं ज्यांना वाटतं, त्यांना नणंद नसते. ताईची नणंद नेरूळला राहते. तिचं घर सोडून दुसरीकडं उतरणं म्हणजे पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात मान खाली घालून जेवणं. पण आत्याकडं उतरलो, तर डोंबिवलीच्या चुलत काकांनी काय पाप केलं होतं? त्यांचा तर ईमेलच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. "सोमवारी सकाळी काही अवघड नाही बघा. डोंबिवलीला चढायचंच नाही. उलटं कल्याणला जायचं, तिथनं बसून यायचं. आम्ही रोज तेच करतो." मुलाखतीला पुढं जाण्यासाठी आधी मागं जायचं, हे भाचीला पटेना. काकांच्या मते ते तिला नोकरी लागल्यावर पटेल.

शेजारच्या सरांनी आमदार निवासाचा मार्ग सुचवला. मंत्रालयाजवळचं आकाशवाणी आमदार निवास फोर्टापासून चालत जाण्याजोगं, खर्च नाममात्र, फक्त आमदारांचं पत्र पाहिजे. पत्रासाठी पीए, पीएसाठी सरांचा जुना विद्यार्थी, अशी साखळी लागली. विद्यार्थी सापडला, पण तो आता विरोधी पक्षात होता. शिवाय मनोरा आमदार निवास पाडल्यापासून उरलेल्या ठिकाणी गर्दी फार, असं तोच म्हणाला. एका खोलीत अख्खा तालुका झोपतो म्हणे. भाची वाक्याच्या मध्येच उठून अभ्यासाला गेली.

दाजी निवृत्त शिक्षक. घोर लागला की ते इतिहासात शिरतात. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हे त्यांनी त्या आठवड्यात दूधवाल्यालाही सांगितलं. पुढं जयंत नारळीकरांनाही तीच शिष्यवृत्ती मिळाली, आणि नारळीकर कुठले? कोल्हापूरचे! "ते वाढले बनारसला," भाची म्हणाली. "जन्म इथला ना? पाणी इथलं ना?" यावर वाद चालत नाही. भाचीची शिष्यवृत्ती निराळी, संस्था निराळी, ती निघाली होती पदवीला. पण दाजींनी तोवर तिला केंब्रिजला पोचवलं होतं. राहायचं कुठं, एवढंच बाकी होतं.

शेवटी तोडगा ताईनं काढला. स्टेशनावरच उतरायचं. सीएसएमटीच्या रिटायरिंग रूममध्ये उतरलं की कुणाकडंच उतरलं नाही असं होतं, आणि कुणाकडंच उतरलं नाही की कुणाचाच अपमान होत नाही. फक्त वन्संना गूळ पोचवायचा. घरी न उतरल्याची भरपाई म्हणून एक किलो चालला असता. ताईनं हिशोब करून दहा किलोचा रवा आणवला.

आता रेल्वेची गंमत बघा. रिटायरिंग रूम मिळते ती पीएनआर नंबरावर, आणि तिकीट कन्फर्म नाहीतर निदान आरएसी तरी लागतं. मे महिन्यात महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट ज्यांना पाहिजे असतं ते साठ दिवस आधी जागे होतात. आमचा ईमेलच बारा दिवस आधीचा. वेटिंग छत्तीस. खोलीला तिकीट पाहिजे, तिकिटाला नशीब पाहिजे. कोयना एक्सप्रेस दिवसाची, तिच्यात जागा दिसत होती. पण दिवसभर डब्यात बसून रात्री मुंबईत उतरायचं, हे आजीला पसंत नव्हतं. ट्रॅव्हल्सची बस पहाटे सायनला सोडते, आणि सायन म्हणजे फोर्ट नव्हे, एवढं मला लालबागपासून ठाऊक होतं. मग तात्काळ.

तात्काळ एसीला सकाळी दहाला उघडतं. शनिवारची गाडी, म्हणून शुक्रवारी दहाला आम्ही तीन मोबाईल आणि एक लॅपटॉप मांडून बसलो. सगळं भरून झालं आणि आधारचा ओटीपी गेला दाजींच्या जुन्या नंबरावर. तो मोबाईल आजीकडं. शुक्रवार असल्यामुळं आजी अंबाबाईच्या देवळात, दर्शनरांगेत. फोन लावला. आजीचा चष्मा घरी. "मेसेज आलाय व्हय? थांबा, मागच्या बाईंना वाचायला सांगते." मागच्या बाई इचलकरंजीच्या निघाल्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी आकडे एकेक करून दोनदा वाचले, आणि वर "कुणाचं काय हाय?" अशी चौकशी केली. देवीच्या दारातून देवीच्याच नावाच्या गाडीची दोन तिकिटं निघाली. आजीनं ते नवसात जमा केलं.

प्रवासाबद्दल सांगण्याजोगं काही नाही. भाची वरच्या बर्थवर झोपली. मी आणि गूळ खाली जागे होतो, कारण पोतं सीटखाली सारलं की बर्थखालच्या दुसऱ्या कुणाच्या तरी चपला त्याला चिकटत.

रविवारी सकाळी सीएसएमटी. हे स्थानक फ्रेडरिक स्टीव्हन्सनं बांधलं, २००४ पासून ते जागतिक वारसा आहे, आणि त्याच्या आवारात दोन माणसांना आंघोळीला गरम पाणी मिळालं. दाजींनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "गूळ गेला का?" ठरलं असं होतं की न्याहारी करून हार्बरनं नेरूळला जायचं, गूळ द्यायचा, आत्याच्या हातचं जेवून संध्याकाळी परत. फलाटावर गेलो तर उद्घोषणा चालू. हार्बरवर मेगाब्लॉक. मुंबईचा रविवार म्हणजे मेगाब्लॉक हे मुंबईत जन्मलेल्या मांजरालाही कळतं. घरात मुंबईतला जाणकार मीच होतो. टॅक्सीवाल्यानं नेरूळचा आकडा सांगितला तेव्हा मेमध्ये आधीच पाझरत असलेल्या गुळाला आणखी घाम फुटला. आत्या फोनवर म्हणाल्या, "अहो, कल्याणला उतरून ठाण्याला यायचं होतं, ठाण्याहून थेट नेरूळ आहे की! विचारायचं तरी." विचारलं असतं तर त्यांच्याकडंच उतरावं लागलं असतं, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

दुपारी आम्ही मुलाखतीच्या जागेची पाहणी केली. दादाभाई नौरोजी रस्त्यानं चालत, हुतात्मा चौकाच्या अलीकडं वळून, एका बंद दारासमोर उभे राहिलो. रविवारी फोर्ट इतकं रिकामं असतं की रखवालदाराला आमच्याशी बोलायला आवडलं. तो मालवणचा. त्यानं लिफ्ट कुठली, कुठल्या मजल्यावर जायचं, साहेब कितीला येतात, सगळं सांगितलं आणि उद्या आपली सुट्टी आहे असंही सांगितलं.

सोमवारी आठला खोली सोडायची होती. बॅगा क्लोक रूममध्ये ठेवल्या. पोतं घेईनात. "कुलूप कुठाय?" गुळाला कुलूप कसं लावणार? बाहेर जाऊन साखळी आणतो म्हटलं, तर बाबू म्हणाला, खायची वस्तू ठेवून घेत नाही, उंदीर होतात. म्हणून मूळ गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि दहा किलो गूळ असे आम्ही मुलाखतीला पोचलो.

दारात सामानाचं स्कॅनर होतं. पोतं आत गेलं. पडद्यावर एक काळाभोर चौकोन उमटला आणि पट्टा थांबला. रखवालदारानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं वायरलेस काढला. "क्या है इसमें?" भाचीनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, मी हिंदीत सांगितलं, शेवटी पोत्याची शिवण उसवून मराठीत चव द्यावी लागली. त्यानंतर दोघांनीही आम्हाला साखरेबद्दलची आपली मतं सांगितली आणि लिफ्टपर्यंत पोतं उचललं.

वरच्या हॉलमध्ये पालक बसले होते. अमरावतीचे एक गृहस्थ त्याच सकाळी अंबा एक्सप्रेसनं आले होते. वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, शर्ट बदलला, वडापाव खाल्ला, आले. मुक्कामाचा विषयच नाही. "कोणी नाही आमचं मुंबईत," ते म्हणाले. मला त्या माणसाचा हेवा वाटला. सगळ्यात उशिरा धावत आली ती माटुंग्याची मुलगी. जवळच तर राहतो म्हणून घरातून उशिरा निघालेली.

भाची आत गेली. संगमरवरी फरशीवर मुंग्यांची एक ओळ कुठूनशी निघून माझ्या पायाशी आली. मुंबईच्या मुंग्या बारक्या, पण वेळ पाळणाऱ्या. मी पोतं मांडीवर घेतलं, आणि तेवढ्यात संस्थेच्या बाईंनी प्रवासभत्त्याचा फॉर्म हातात दिला. त्यावर तिकिटाची प्रत मागितली होती, मांडीवरच्या मजकुराबद्दल काही नव्हतं.

पंधरा मिनिटांनी भाची बाहेर आली. बरं झालं म्हणाली. दुसरी फेरी असेल तर ती थेट कॉलेजात, बंगळूरला. एवढं बोलून होतंय तोवर लिफ्टचं दार उघडलं आणि खुद्द आत्या आल्या. सोमवारी मेगाब्लॉक नसतो. त्यांनी आधी भाचीला जवळ घेतलं, मग पोत्याची शिवण बघितली, कोपऱ्यातला खडा तोडून तोंडात टाकला आणि मान हलवली. मग मोठ्या पिशवीतून एक जुना मिक्सर काढून माझ्या हातात दिला. "हा कोल्हापुरात दुरुस्त करून घ्या. इथं हजार सांगतात."

मग भाचीकडं वळल्या. "बंगळूरला काय काळजी? मिरजेहून राणी चन्नम्मा आहे. माझ्या जावेची बहीण तिथं असते. यावेळी स्टेशनाबिशनावर उतरायचं नाही." आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी तिला फोन लावला.