पाहू ना भौ

आमच्या मूर्तिजापुरात त्यांना लहानथोर ‘पाहूभौ’ म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे. ते बाहेर काढायची वेळ येत नाही. वय पस्तिशीच्या आसपास, खिशाला दोन पेनं, काखेत दोनशे पानी वही आणि मनात एकच ध्यास: हेवीचं लायसन काढायचं अन् ट्रक चालवायचा. त्याआधी चांगली ड्रायव्हिंग स्कूल निवडायची. ही निवड गेली काही वर्षं चालू आहे.

“मंग कई जाता शिकाले?” असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. “पाहू ना भौ. घाई कायले?”

यात थोडा दोष गावाचाही आहे. मूर्तिजापूर जिल्ह्यानं अकोल्याचं, पण हायवेवर अकोला अन् अमरावतीच्या मधे. पूर्वी लायसनसाठी कायदा पत्ता विचारायचा. २०१९च्या दुरुस्तीनं राज्यातल्या कोणत्याही आरटीओत अर्ज करायची मोकळीक दिली आणि पाहूभौंवर आभाळच कोसळलं. एमएच २७ की एमएच ३०? अमरावतीची शाळा पाहून आले की अकोल्याची बरी वाटते, अकोल्याहून परतले की म्हणतात, “अमरावतीत निदान गिला वडा तरी खाणं झालं असतं.” त्याच वर्षी ट्रकच्या लायसनसाठी असलेली आठवी पासची अटही गेली. भौ बीए झालेले. “म्हणजे आपलं शिक्षण पान्यात गेलं का भौ?” म्हणत आठवडाभर उदास होते.

एकदा मला सोबत घेऊन अकोल्याच्या एका शाळेत गेले. निंबाखाली ट्रक उभा. भौ मालकाला नमस्कार करायच्या आधी टायरला भेटले. नाणं घालून खाच मोजली, वहीत लिहिली.

“ड्युअल कंट्रोल हाय काय?”

“हाय ना. नियमच हाय तसा.”

“पाहू.” असं म्हणून भौ क्लीनरच्या बाजूनं केबिनीत चढले आणि शिकवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक तीनदा दाबून उतरले. मग वही उघडली. “हेवीचा कोर्स कमीत कमी तीस दिवसाचा अन् हातात गाडी कमीत कमी पंधरा तास. म्हणजे दिवसाले अर्धा तास. आता मले सांगा, तुमच्या केबिनीत चार पोट्टे बसतेत. हा अर्धा तास एकाएकाचा का चौघाईत मिळून?”

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी निंबाकडे.

“चहा घेता का साहेब?”

“चहाचा टाइम अर्ध्या तासात धरता का वरून?”

मालक गप्प. भौंनी शेवटचा घाव घातला. “बरं, नमुना पंधरा दाखवता काय? कोनत्या पोट्ट्यानं किती तास चालवली, ते रजिस्टर?”

नमुन्याचा नंबर ऐकताच मालक उठून उभा राहिला. साहेब आरटीओतून आले असावेत, या समजुतीनं पंखा लागला, चिवडा आला. साहेब नुसतेच गिऱ्हाईक आहेत हे कळल्यावर पंखा बंद झाला. चिवडा मात्र तोवर भौंनी संपवला होता.

हसू नका, कारण माणूस खुळा नाही. त्याचा आवडता प्रश्न असा: “गाडी रिकामी शिकवता का भरेल?” रिकामा ट्रक पाय लावताच थांबतो, तोच गाठी भरून उतारावर आला की ब्रेक लागूनही पुढं पुढं जात राहतो. “रिकाम्या गाडीवर शिकलेला मानूस,” भौ म्हणतात, “चिखलदऱ्याच्या घाटात कापसावानी पिंजला जाते.” एका एजंटानं एकदा सुचवलं, नुसता फोटो अन् पैसे द्या, शिकायची भानगडच नको. भौ भडकले. “मंग ब्रेक कोन दाबन? तू?”

चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला हे सगळं पटत नाही. “आमची शाळा म्हणजे क्लीनरची शीट. टायर ठोकले, काच पुसली, उस्तादाच्या चापटा खाल्ल्या. फी नव्हती.” भौंनी तेही वहीत लिहून घेतलं, फीच्या रकान्यात ‘चापटा’.

जून २०२२मध्ये आमच्याच हायवेवर, अमरावती-अकोल्याच्या दरम्यान, एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीजमध्ये नाव लागलं. भौ डबा घेऊन रात्री काम पाहायला जायचे. टपरीवर कोणी तरी म्हणालं, “ते लोक आधी डांबर निवडत बसले असते तं?” सगळे हसले. भौंनी मात्र विचार करून विचारलं, “पन निवडलं कसं असन त्याईनं?”

गंमत पुढंच आहे. पानठेल्यावरच्या एका पोट्ट्यानं त्या वहीतलं एक पान मागून नेलं. टायर, दुसरा ब्रेक, अर्धा तास कोणाचा, रजिस्टर, भरलेली गाडी. दोन दिवसांत तीन शाळा पाहिल्या, एकीत नाव घातलं. आता तो गाठी वाहतो. त्याच्यामागं आणखी तिघं गेले. चौघंही बरे ड्रायव्हर झाले. पान तेलकट होऊन परत आलं; भौंनी ते डिंकानं चिकटवलं आणि खाली लिहिलं: ‘आणखी चौकशी करणे.’

परवा मी आणि भौ हायवेवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो. त्याच पोट्ट्याचा ट्रक थांबला. भौ क्लीनरच्या बाजूला, मी मधे. बोरगाव मंजूच्या पुढं बकऱ्यांचा कळप आडवा आला. पोट्ट्याचा पाय हलायच्या आत भौंचा उजवा पाय फरशीवर दाणकन बसला. तिथं पेडल नव्हतं. ट्रक व्यवस्थित थांबला. भौंनी घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. “लागला ना वेळेवर?”

“आता तरी नाव घाला भौ कुठं,” मी म्हणालो.

“त्यासाठीच तं चाललो. नवीन शाळा निंगाली म्हणते अकोल्यात. पाहू.”

पोट्ट्यानं गिअर टाकला आणि माझ्या कानाशी वाकून हळूच बोलला, “भौच्या पायाखालचं रबर दोनदा बदललं मी.”